दगडाचं सोवळं

काकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी नव्यानेच मास्तरीण म्हणून लागले होते आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने मागायला गेले होते. मला दारात बघताच त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, कोनाड्यातला वीतभर आरसा उचलला, खांद्यावरून मागे धरला आणि त्यात माझं तोंड निरखलं. मी तशीच उभी. काखेत वळकटी, पायाशी पत्र्याची ट्रंक.

"डावी भुवई चढलेली आहे," त्या म्हणाल्या. "भांडकुदळ दिसतेस. पण खोटी नाहीस. ये आत."

त्यातलं 'खोटी नाहीस' पुढे मीच खोटं पाडलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

काकू चित्रं काढत. आता बायका हौसेने काढतात तशी नाही. पोटापाण्याचा धंदा म्हणून काढत. मावळात एक शिळाछापाचा छापखाना होता. तिथून बैलगाडीतून गुळगुळीत, जाडजूड दगड त्यांच्या घरी यायचे. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड परत जायचा आणि त्यावरून कागद छापले जायचे. अगरबत्तीचे, काडेपेटीचे, धोतरजोडीचे छाप. बाजारात जाल तिथे काकूंचा एखादा मोर नाहीतर हत्ती दिसायचाच, पण तो काकूंचा हे कुणाला ठाऊक नसे. छापाखाली छापखान्याचं नाव.

दगडावरचं कागदावर उलटं उमटतं. म्हणजे कागदावर मोर उजवीकडे बघायला हवा असेल तर दगडावर तो डावीकडे बघणारा काढायचा. हे काकूंच्या इतकं अंगात मुरलं होतं, की त्यांना सरळ जगावर विश्वासच नव्हता. काहीही आलं की आधी आरशात. मुलींचा भांग आरशात. अंगणातली रांगोळी आरशात. भाजीवाल्याने तराजू धरला तरी त्या पाठमोऱ्या होऊन आरशात बघत. "सरळ बघितलं की डोळा लाड करतो," त्या म्हणायच्या. "उलटं करून बघ, चूक आपोआप ओरडते."

काका रेल्वेत गार्ड होते. घाटातल्या गाड्यांवर त्यांची ड्यूटी. दिवसाआड घरी. अत्यंत कमी बोलणारा माणूस. बायकोच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून एरवी मी एकच वाक्य ऐकलं आहे: "तिचा दगड आलाय, मी बाहेर जेवतो."

त्याला कारण होतं. त्या दगडाला तेलाचं वेड. तेलकट बोट लागलं की बोट छापलं जायचं. त्यामुळे दगड घरात असला की फोडणी बंद. तीन-तीन दिवस उकडलेल्या डाळी, भाकरी, दही. मुलांच्या डोक्याला तेल नाही. चारही पोरं झिपऱ्या पिंजारून हिंडायची. कुणी दगडाच्या खोलीत जायचं तर आधी राखेने हात घासायचे आणि काकूंना दाखवायचे. शेजारच्या मामींना हे काही केल्या कळत नसे.

"एवढं कडक सोवळं कुठल्या देवाचं गं?" त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं.

"छापखान्याच्या," काकू म्हणाल्या.

"पावतो का?"

"अजून नाही पावला. पण कोपतो मात्र लगेच."

कोपला होताच एकदा. धाकट्याने तूप-भाताचा अंगठा दगडाच्या वरच्या कोपऱ्यात टेकवला होता आणि ते नमुना छापून आल्यावरच कळलं. आभाळात बाळाचा अंगठा. काकूंनी तो दगड मागवून घेतला आणि अंगठ्याभोवती दोन गोल रेघा ओढून त्याचा ढग केला. तो छाप पुढे कित्येक वर्षं काडेपेटीवर होता. नीट बघितलं तर ढगात अंगठ्याच्या रेषा दिसतात.

काम करताना त्या मुलं मोजत. मान वर न करता, खडू न थांबवता म्हणायच्या, "मोजा!" आणि घराच्या कानाकोपऱ्यातून पोरं ओरडायची, "एक!" "दोन!" "तीन!" "चार!" एखादा आकडा आला नाही की खडू खाली. मग त्या उठून विहीर बघायच्या, रस्ता बघायच्या, माळा बघायच्या. हे दर पाव तासाने. त्या घरात राहून मलाही ती सवय लागली. शाळेत मुलींना गणित घालताना मधेच मनात यायचं, की घरी चौथा आकडा आला असेल ना?

मी त्यांना म्हणायचे, "काकू, एवढ्या काळजीत चित्र कसं सुचतं तुम्हाला?"

"काळजी गेली की सुचेल म्हणून थांबले असते, तर अजून पहिलाच मोर काढत बसले असते."

माझी गोष्ट वेगळी होती. मी पत्रकांवर वाढले. माझे वडील गावोगावची पत्रकं जमवायचे: दारूबंदीची, विधवांच्या बाजूची, अंधश्रद्धेविरुद्धची, सरकारविरुद्धची. मी अक्षरं गिरवली ती त्यांवर. त्या ट्रंकेत कपडे थोडे आणि पत्रकंच फार होती. जगातल्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे छापील उत्तर होतं आणि त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं.

मी लिहिलेलं पहिलं पत्रक काकूंना दाखवलं, तेव्हा त्यांनी ते अर्थातच आरशात धरलं.

"सगळी अक्षरं एकदम ओरडतायत," त्या म्हणाल्या. "एखादी ओळ तरी हळू बोलू दे, म्हणजे बाकीच्या ऐकू येतील." मग खालची कडा बघून म्हणाल्या, "नाव नाही?"

"नाव घातलं तर पकडतील."

"मग चूक निघाली तर ती कुणाची?"

"चूक कशी निघेल? तत्त्वाची गोष्ट आहे."

त्यांनी पत्रक परत दिलं. मला वाटलं, पटलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याच्या एका मोठ्या कापडवाल्या शेटजींचं काम त्यांना मिळालं. नव्या वर्षाचं कॅलेंडर. वर गणपती, खाली तारखा. आणि हे काम छापखान्याच्या मार्फत नव्हे, थेट काकूंना. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काकूंचं नाव छापायचं कबूल झालं होतं; नाव आणि तारखा छापखाना वेगळ्या दगडावरून घालणार होता. कॅलेंडर पसंत पडलं तर दुकानाचे सगळे छाप त्यांच्याकडे येणार होते, तेही नावानिशी. दहा वर्षं दगड घासून पहिल्यांदाच. काकांनी त्या दिवशी बोलण्याचा विक्रम केला. "बघू," म्हणाले, "आडनाव मावेल का कोपऱ्यात."

दगड आला आणि दुसऱ्याच दिवशी कुसुमला ताप भरला. कुसुम म्हणजे तिसरा आकडा, सहा वर्षांची. काकूंनी तिचं अंथरूण दगडाच्या खोलीतच घातलं. एका हातात खडू, दुसरा हात तिच्या कपाळावर, आणि प्रत्येक वेळी कपाळावरचा हात दगडाकडे वळण्याआधी राखेने घासायचा. पोर किरकिर करायची. तिला आरसा हवा होता. खिडकीतून थंडीतलं कोवळं ऊन यायचं, ते आरशाने भिंतीवर नाचवायचं होतं तिला. काकूंनी दिला. तीन दिवस भिंतीवर उन्हाचा तो ठिपका फिरत राहिला आणि तीन दिवस काकूंनी आरशाशिवाय काम केलं.

चौथ्या दिवशी गाडीवान दगड न्यायला आला तेव्हा कुसुम आरसा मुठीत धरून झोपली होती. काकूंनी तो काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "तीन दिवसांनी डोळा लागलाय," म्हणाल्या. दगड तसाच गेला.

त्यानंतर दोन दिवसांत पोरीचा घसा बंद होत आला. डॉक्टर म्हणाले घटसर्प, पुण्याला न्या, आत्ता. काका दोघींना गाडीने घेऊन निघाले. निघताना कुसुमला खांद्यावर टाकून काकू मला म्हणाल्या, "छपाईआधीचा नमुना सहीला येईल. मी येईपर्यंत थांबव. अगदीच ऐकेनात तर आरशात धर, नीट बघ आणि मग माझ्या नावाने सही कर. खटकलं तर परत पाठव. तुला डोळा आहे."

उरलेली तीन मुलं, मामी आणि मी. मी त्यांना मोजत होते. "एक," "दोन," मग पोकळी, मग "चार."

नमुना चौथ्या दिवशी सकाळी आला. छापखान्याचा म्हातारा गाडीवान ओटीवर टेकला. "बाई, सही द्या बिगीनं. मुकादम म्हनला, आज कागुद माघारी आला न्हाई तर मशीन दुसऱ्या कामाला लागंल, मंग म्हैनाभर न्हाई."

मी गुंडाळी उघडली. सुंदर गणपती होता. इतका जिवंत, की त्याने आत्ताच मोदक उचलला असावा. आणि त्याची सोंड उजवीकडे वळलेली होती.

एका क्षणात मला सगळं कळलं. काकूंनी दगडावर तो सरळ काढला होता. सवयीच्या, देवघरातल्या डाव्या सोंडेच्या गणपतीसारखा. आरसा हातात नव्हता, मन पोरीत होतं आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच त्या उलटं करायला विसरल्या होत्या. मी आत जाऊन आरसा आणला, सांगितल्याप्रमाणे नमुना त्यात धरला. आरशात गणपती अगदी बरोबर दिसला. आरशात बरोबर, कागदावर उलटा.

गाडीवानही वाकून बघत होता. त्याने हात जोडले आणि मग मान खाजवली.

"सोंड बगितली न्हवं, बाई? उजव्या सोंडंचा लय कडक आसतो. घरात लावाया लोक भ्येत्यात. त्येचं समदं सोवळ्यात करावं लागतंय."

"छापखान्यात कुणी काही बोललं नाही?"

"मुकादमाला दिसलं. पर त्यो म्हनला, काकूंनी काडलंय म्हंजी इचार करूनच काडलं आसंल. त्या कंदी चुकत न्हाईत."

इथे मी थांबायला हवं होतं. नमुना परत पाठवायला हवा होता. महिना गेला असता तर गेला असता. पण उजव्या सोंडेच्या भीतीविरुद्धचं एक पत्रक माझ्या ट्रंकेत होतं आणि ते मला पाठ होतं.

"आबा," मी म्हणाले, "सोंड डावीकडे असली काय नि उजवीकडे असली काय, हा कागद आहे. कागदाला कसलं आलंय सोवळं? लोकांची भीती कुणीतरी मोडायलाच हवी. हजार घरांत हा लागला आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही, की आपोआप मोडेल."

"माजं काय, बाई," तो म्हणाला. "मी बैलंवाला."

मी काकूंच्या नावाने सही केली. एखादं मोठं काम पार पडल्यासारखं मला वाटलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा कुठे मी काय केलं ते कळलं. मी धावत वळणापर्यंत गेले. नुसती धूळ होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पुण्याहून काही निरोप नाही. प्रत्येक गाडीची शिटी ऐकली की मला दोन बातम्यांची भीती वाटायची: एक पोरीची, एक गणपतीची. आणि खरं सांगायचं तर कोणत्या भीतीने मी जास्त दचकत होते, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

काकू आठवड्याने आल्या. कुसुमला काकांनी उचलून आणलं होतं. गळ्याभोवती फडकं, डोळे खोल. काकूंनी उंबऱ्यात उभं राहून, चप्पलही न काढता म्हटलं, "मोजा."

"एक!"

"दोन!"

मग काकांच्या खांद्यावरून, खरखरीत, जेमतेम ऐकू येईल असं: "तीन."

काकू उंबऱ्यातच बसल्या. धाकटा "चार" म्हणाला तेव्हा त्या रडत होत्या. अशा वेळी मी त्यांना काय सांगणार? उद्या सांगू, म्हटलं. उद्याचं परवावर गेलं. परवा शेटजींचे मुनीम दारात हजर झाले आणि त्यांच्यामागे कॅलेंडरांच्या गठ्ठ्यांनी भरलेली बैलगाडी.

मुनीम सज्जन होते. ओरडले नाहीत. एक कॅलेंडर उलगडून त्यांनी चटईवर ठेवलं.

"वहिनी, हा दुकानात टांगला तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. उजवी सोंड तर आहेच. शिवाय जानवं बघा. उजव्या खांद्यावरून. अपसव्य. श्राद्धाला बसल्यासारखा. नव्या वर्षाचं कॅलेंडर आहे हो आमचं." मग त्यांनी नमुन्याचा कागद काढला. "छापखाना म्हणतो, आमचा दोष नाही. ही तुमचीच सही ना?"

जानवं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काकूंनी कागद घेतला. या वेळी त्यांनी तो आरशात न धरता सरळच बघितला. स्वतःचं नाव परक्या अक्षरात. मी खांबाला टेकून उभी होते.

"हो," काकू म्हणाल्या. "माझीच आहे."

मुनिमांनी निरोप सांगितला. दुसरा दगड काढून द्या, आठ दिवसांत. छपाई नव्याने, ती काकूंच्या पदरची. मग छापांचं कामही देऊ. फक्त कोपऱ्यातलं नाव नको. "शेटजी म्हणाले, आधीच लोक विचारतात बाईमाणसाने काढलाय का म्हणून. त्यात हे असं. आता नाव राहू द्या."

"बरं," काकू म्हणाल्या.

ते गेल्यावर त्या परसात गेल्या. तिथे छापखान्याचे दोन जुने दगड पडलेले असत. दगड पुन्हा कोरा करायचा तर त्यावर वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने घासत बसावं लागतं, तासन् तास. त्यांनी इंद्रायणीची वाळू पसरली आणि घासायला लागल्या. मी समोर जाऊन बसले.

"काकू, ती सही..."

"अक्षर ओळखते मी तुझं. तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तरी?"

मी सांगितलं. सोंड, भीती, हजार घरं. पाठ केलेलं सगळं बोलले. बोलता बोलता मलाच ते शाळेतल्या कवायतीसारखं वाटायला लागलं. काकू घासत राहिल्या. दगडावर दगडाचा आवाज दाढा शिवशिवतील असा.

"सोंडेला मीही भीत नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. "उलटा दगड गेला ही माझी चूक. ती माझी मी निस्तरेन. पण चित्र माझं होतं. सोंड कुठे वळवायची ते मी ठरवणार होते. भीती मोडायची होती तर तुझ्या पत्रकावर मोडायची. तिथे नाव घालायला घाबरलीस, आणि माझं नाव मात्र बिनदिक्कत घातलंस."

याला छापील उत्तर मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

"माझ्या वतीने पुन्हा कधी सही करू नकोस," त्या म्हणाल्या. "चांगल्या कामासाठीसुद्धा नाही." आणि वरचा दगड माझ्याकडे ढकलला. "घे. घास. हात राखेने धुऊन ये आधी."

मी दोन दिवस घासला. तळहात सोलले. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यावर नवा गणपती काढला, आरसा समोर ठेवून. मुलं दर पाव तासाने मोजली जात होती. तीन हा आकडा अजून खरखरीत होता.

उरले गठ्ठे. देवाचं चित्र, जाळता येईना. पाठकोरे कागद म्हणून मुलांना देता येईना. मामींनी तर ओटीवरून ते हलेपर्यंत आमच्याकडे येणं बंद केलं. ते हलवले गंगूमावशींनी. त्या लोहगडवाडीहून सरपणाच्या मोळ्या घेऊन यायच्या. मोळी टाकून त्यांनी एक कॅलेंडर उलगडलं.

"ह्ये टाकून द्येनार? आमच्या वाडीला द्या की."

"मावशी, उजव्या सोंडेचा आहे," काकूंनी सांगितलं. "कडक असतो म्हणतात."

"आमचा भैरोबा बिनसोंडंचाच हाय. त्यो न्हाई कंदी रागावला. ह्येला तर सोंड हाय, मंग कशापाई रागावंल?"

काकू हसल्या. कितीतरी दिवसांनी. गठ्ठे त्यांनी स्वतः मावशीच्या डोक्यावर चढवले, तीन खेपांत.

शेटजींचं कॅलेंडर पसंत पडलं. छापांचं काम आलं, अजूनही येतं. लोणावळ्यात, कामशेतात, कुठल्याही दुकानात तो डाव्या सोंडेचा गणपती दिसायचा. कोपरा कोरा. मी प्रत्येक वेळी आधी कोपराच बघायचे.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या बायकांचा वाचनवर्ग घ्यायला मी लोहगडवाडीला गेले. गंगूमावशींच्या घरात चुलीच्या वरच्या अंगाला तो होता. तारखा कधीच फाडून झालेल्या, कागद धुराने तांबूस झालेला. शेजारच्या घरातही होता. पलीकडच्या घरातही. साऱ्या वाडीत उजव्या सोंडेचे गणपती, आणि कुणाचं काही वाकडं झालेलं नव्हतं. माझं पत्रक खरं ठरलं होतं. मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

मावशींच्या सुनेने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मास्तरीण, ह्ये बारीक काय लिवलंय खाली?"

"नाव आहे. ज्यांनी काढलं त्यांचं."

"वाचा की."

मी वाचलं. मावशींनी चुलीपुढून मान वर केली.

"त्या गार्डाच्या बाईचं? तिला नाव बी हाय व्हय! आमी आपलं गार्डाची बाई, गार्डाची बाई म्हनतो." मग त्यांनी ते नाव एकदा म्हणून बघितलं. पुन्हा एकदा. सुनेने म्हटलं. दारात बसलेल्या दोघी-तिघींनी म्हटलं. एकीने आडनाव चुकवलं, तर मावशींनीच तिला सुधारलं.

ते नाव मला इथे लिहावंसं वाटतं. फार वाटतं. लिहीत नाही. हे लिखाण मी काकूंकडे पाठवते आहे आणि खालचा कोपरा कोरा ठेवला आहे. नाव घालायचं की नाही, ते त्या ठरवतील.